वेल्डिंग शिकवायचंय? नव्या निदेशकासाठी पहिल्या वर्षाची वाटचाल

आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवणाऱ्याला सरकारी कागदावर ‘शिल्प निदेशक’ म्हणतात, मुलं ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात. या जागेवर येणारे साधारण दोन वाटांनी येतात. काही जण चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा एमआयडीसीत किंवा साखर कारखान्यांच्या बॉयलरवर वर्षानुवर्षं काम केलेले असतात. काही जण डिप्लोमा किंवा डिग्री करून थोड्याच अनुभवावर शिकवायला येतात. पहिल्यांचा हात तयार असतो, पण तोंड उघडत नाही. दुसऱ्यांना बोलता येतं, पण ओव्हरहेडला, म्हणजे डोक्यावरच्या जोडाला, वेल्डिंगचा रॉड धरला की हात थरथरतो. दोघांनाही नोकरीच्या पहिल्या वर्षात उरलेला अर्धा भाग भरून काढावा लागतो आणि हा लेख त्यासाठीच आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. सुतारकाम किंवा फिटिंग शिकवताना मुलाचे हात सतत आपल्या डोळ्यांसमोर असतात. वेल्डिंगमध्ये तसं नसतं. मूल हेल्मेटच्या आत, केबिनमध्ये, धुरात असतं. त्याला काचेतून काय दिसतंय ते तुम्हाला कळत नाही आणि वीस मुलांच्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या शेजारी उभं राहणंही शक्य नसतं. तुमच्या टेबलावर येतो तो थंड झालेला जॉब, म्हणजे वेल्ड केलेला तुकडा. तो जॉब पाहून हात कुठे, कसा आणि का चुकला हे उलटं वाचत जाता आलं पाहिजे. निदेशकाचं खरं कसब ते आहे.

आधी कागदपत्रांचं

सरकारी अभ्यासक्रमात वेल्डरच्या निदेशकासाठी पात्रता दिलेली आहे. आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र किंवा अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र असेल तर तीन वर्षांचा अनुभव, डिप्लोमा असेल तर दोन आणि डिग्री असेल तर एक वर्षाचा अनुभव लागतो. त्याशिवाय निदेशकाचं स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं. ते सीआयटीएस (क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम) नावाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातून मिळतं. त्यासाठी अखिल भारतीय पातळीवर प्रवेश परीक्षा होते आणि प्रशिक्षण राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये असतं. मुंबईत चुनाभट्टीला अशी संस्था आहे. मात्र प्रत्येक संस्थेत दर वर्षी प्रत्येक ट्रेडच्या जागा असतातच असं नाही. त्या वर्षीची जागांची यादी पाहूनच अर्ज भरा.

सीआयटीएसला अनेक जण ‘एक वर्ष वाया’ म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. धड्याचं नियोजन कसं करायचं, प्रात्यक्षिकाची तयारी कशी करायची, प्रश्न कसा विचारायचा हे शॉपवर कोणी शिकवत नाही. तिथे पहिल्यांदाच कोणीतरी तुमचं शिकवणं मागे बसून पाहतं आणि त्यावर तोंडावर बोलतं. पुढे नोकरीत ही संधी फारशी मिळत नाही.

लघु मुदतीच्या कौशल्य योजनांमध्ये शिकवायचं असेल तर वाट वेगळी आहे. तिथे संबंधित सेक्टर स्किल कौन्सिलचं (त्या उद्योगातल्या कौशल्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचं) प्रशिक्षक प्रमाणपत्र मागतात. त्याला सगळे ‘टीओटी’ (ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स) म्हणतात. त्याला मुदत असते, म्हणून ती संपण्याची तारीख लिहून ठेवा.

पैशांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कायम पदावर भरती झाली तर ठीक. कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर सुरुवात केली तर मिळकत बेताची असते, आणि आखातात शटडाउनच्या (दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या कारखान्यातल्या) कामाला जाणारा चांगला पाइप वेल्डर तुमच्यापेक्षा जास्त घरी पाठवत असतो. हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

स्वतःचा हात पुन्हा तपासा

रुजू होण्याआधी एक-दोन आठवडे काढा आणि अभ्यासक्रमातली प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहा. आर्क (रॉड आणि प्लेटमध्ये विजेची सलग ठिणगी पेटवून करायचं), गॅस वेल्डिंग, गॅस कटिंग, सीओटू (त्या वायूच्या झोतात गनमधली तार वितळवून करायचं), आर्गन, ब्रेझिंग (मूळ धातू न वितळवता दुसऱ्या धातूनं जोडणं), स्पॉट वेल्डिंग, सगळं. शॉपवर आपण एकाच कामात तरबेज होतो. दहा वर्षं फक्त सीओटू गन धरलेल्या माणसाला गॅसवर पातळ पत्रा जोडायला सांगितला की भोकं पडतात. ती आपल्या आपल्यात, मुलं यायच्या आधी पडू द्या.

पोझिशनचंही तसंच. फ्लॅट, हॉरिझाँटल, व्हर्टिकल, ओव्हरहेड या चारही पोझिशनमध्ये फिलेट (काटकोनातला जोड) आणि बट (कडेला कड लावलेला जोड) दोन्ही मारून बघा. पाइपमध्ये निदान फाइव्ह जी, म्हणजे आडवा बांधलेला, न फिरवता येणारा पाइप, यायला हवी. सिक्स जी, म्हणजे ४५ अंशांत तिरका बांधलेला, न फिरवता येणारा पाइप, आली तर मुलं तुमचा शब्द वेगळ्या कानांनी ऐकतात. नकाशांत आणि प्रमाणपत्रांत पोझिशनची नावं दोन पद्धतींची येतात: अमेरिकन पद्धतीत वन जी, थ्री एफ वगैरे, आणि आयएसओ पद्धतीत पीए, पीबी, पीएफ वगैरे. गोवा-मुंबईच्या शिपयार्डमध्ये असो की पुण्याच्या युरोपीय कंपनीत, मुलाला दोन्ही ओळखता यायला हवीत. त्यामुळे तुम्हालाही.

शिकवायला लागलं की स्वतःचं वेल्डिंग कमी होतं. एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या नियमात एखाद्या प्रक्रियेनं सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर वेल्डरची त्या प्रक्रियेची पात्रता संपते. नियम वेल्डरसाठी आहे, पण निदेशकानंही तो स्वतःला लावून घ्यावा. आठवड्यातून एकदा, मुलं गेल्यावर, एक पूर्ण जॉब मारा.

मुलं येण्याआधी शॉप

पहिल्या दिवशी आर्क पेटवायची घाई करू नका. आधी एकटे शॉपभर फिरा. प्रत्येक होल्डरचं, म्हणजे रॉडच्या पकडीचं, इन्सुलेशन बघा, केबलचे उघडे पडलेले जोड बघा, अर्थ क्लॅम्प थेट जॉबला किंवा टेबलाला लागतोय की कुठल्या तरी खांबाला अडकवलाय ते बघा. आर्क नसताना मशिनच्या टोकांवर ८० व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो. मे महिन्यात घामानं भिजलेले हातमोजे घालून, ओल्या फरशीवर उभं राहून रॉड बदलणाऱ्या मुलाला तो पुरेसा आहे. सुक्या हातमोज्यांची एक जादा जोडी आणि पायाखाली लाकडी फळी ठेवायला फार खर्च येत नाही.

गॅसच्या कोपऱ्यात काळं सिलिंडर ऑक्सिजनचं, मरून रंगाचं ॲसिटिलीनचं. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लागता कामा नये, ॲसिटिलीनच्या लाइनला तांब्याची नळी जोडता कामा नये. ॲसिटिलीनचं सिलिंडर उभंच ठेवायचं, कारण आत ॲसिटोन असतं आणि आडवं वापरलं तर ते गॅसबरोबर बाहेर येतं. वापराचा दाब एक बारच्या वर न्यायचा नाही. हे नियम भिंतीवर लिहिलेले असतातच. तुमचं काम म्हणजे प्रत्येकामागचं कारण सांगणं. कारण कळलेलं मूल पुढे गावातल्या ग्रिलच्या दुकानातही नियम पाळतं. नुसता नियम पाठ केलेलं मूल परीक्षा संपली की विसरतं.

डोळ्यांबद्दल कडक राहा. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिली की त्रास लगेच होत नाही, चार ते बारा तासांनी होतो, म्हणजे मध्यरात्री. मग घरात कोणी बटाट्याचा काप ठेवतं, कोणी दूध घालतं. पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा: डोळ्यात काहीही घालायचं नाही, चोळायचे नाहीत, थेट डॉक्टरकडे जायचं. १०० ते १५० अँपिअरच्या कामाला १० किंवा ११ नंबरची काच लागते, गॅसला ५ नंबर चालतो. वडिलांच्या दुकानात काम केलेली मुलं टॅक (तात्पुरता जोड धरणारा ठिपका) मारताना काच न लावता नुसती मान वळवतात. त्यांना वर्गासमोर बोलू नका, बाजूला घ्या. ती सवय त्यांनी घरातल्या मोठ्यांकडून उचललेली असते आणि सगळ्यांदेखत बोललात तर ते वडिलांवर बोलल्यासारखं होतं.

धुराकडे अजूनही आपल्याकडे दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. एक्झॉस्ट बंद असेल तर लेखी कळवा आणि दुरुस्त होईपर्यंत केबिनऐवजी मोकळ्या जागेत सराव घ्या. धूर तोंडाकडे येतोय की तोंडापासून दूर जातोय हे पाहून मूल कुठे उभं राहणार ते ठरवा.

प्रात्यक्षिक: आधी कोरडं, मग पेटतं

हेल्मेट खाली आलं की निदेशकाचं बोलणं बंद होतं आणि मुलांना फक्त उजेड दिसतो. त्यामुळे एकच प्रात्यक्षिक तीन वेळा करायचं.

पहिल्यांदा आर्क न पेटवता. होल्डरमध्ये रॉड लावा, जॉबवर धरा आणि पूर्ण रन, म्हणजे वेल्डची एक सलग रेघ, कोरडा मारून दाखवा. बोलत बोलत: कोपर कुठे टेकलंय, केबल खांद्यावरून घेतली की मनगटावर वजन येत नाही, रॉड पुढच्या दिशेला साधारण ७० ते ८० अंशांत आहे, आणि रॉड जळत जाईल तसा हात खाली खाली उतरतोय. शेवटचा मुद्दा दोनदा दाखवा. नवीन मुलाचा हात फक्त पुढे सरकतो, खाली उतरत नाही.

दुसऱ्यांदा पेटवून, पण चार-पाच मुलांनाच जवळ घेऊन, प्रत्येकाच्या हातात स्वतःची काच. पेटवण्याआधी मोठ्यानं हाक द्या, ‘काच घ्या’ किंवा तुमच्या शॉपमध्ये जे रूढ असेल ते, आणि एकही रन हाकेशिवाय नको. मुलांना ज्वाळेकडे बघू नका, मागच्या वितळलेल्या डबक्याकडे बघा असं आधीच सांगून ठेवा. नाहीतर सगळी नजर उजेडाकडे जाते आणि ज्यात शिकण्यासारखं आहे तेच सुटतं.

तिसऱ्यांदा कानांसाठी. मुलांना पाठ करून उभं करा आणि नुसता आवाज ऐकवा. आर्क योग्य अंतरावर असली, म्हणजे साधारण रॉडच्या जाडीइतकी, की कढईत भजी तळल्यासारखा सलग चरचर आवाज येतो. आर्क लांबली की तो फाटतो, फुरफुरतो. मुद्दाम लांब करून ऐकवा. पुढे तुम्ही केबिनबाहेरून चालत जाताना नुसत्या आवाजावरून ‘जवळ घे’ असं सांगू शकता आणि मुलाला ते कळतं.

मग सराव. ६०१३ या प्रकारचा ३.१५ मिलिमीटर जाडीचा रॉड साधारण ९० ते १३० अँपिअरमध्ये चालतो. नेमका आकडा मशिन, प्लेटची जाडी आणि पोझिशनवर ठरतो. आकडा सांगून टाकू नका. एकाच प्लेटवर तीन रन मारायला लावा: एक ८० वर, एक ११० वर, एक १५० वर. पहिला उंच वळकटीसारखा वर बसतो, तिसरा पसरतो, कडा खातो आणि भोवती ठिणग्यांचे थेंब चिकटतात. हे एकदा स्वतःच्या हातानं केलेल्या मुलाला करंट लावायला पुन्हा विचारावं लागत नाही.

जॉब वाचायला शिका

इथे वेळ द्या. एक जॉब समोर धरू या: १० मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर नव्या मुलानं मारलेला पॅडिंगचा (सपाट प्लेटवर शेजारी शेजारी रेघा मारण्याच्या सरावाचा) एक रन, स्लॅग (वेल्डवर जमलेली खपली) झाडून आणलेला.

सुरुवातीचे दोन सेंटिमीटर ढीग झालाय आणि कडा प्लेटला धरलेली नाही. म्हणजे आर्क पेटताच तो निघाला, प्लेट थंडच होती. त्याला रन जिथे सुरू करायचाय तिथून सेंटिमीटरभर पुढे आर्क पेटवायला, मागे येऊन डबकं तयार होऊ द्यायला आणि मगच निघायला सांगा.

मधल्या भागात लहरी बघा. त्या टोकदार, बाणासारख्या असतील तर हात पळतोय. गोल आणि दाट असतील तर वेग जुळलाय. रन एका बाजूला उतरलाय आणि दुसऱ्या कडेला बारीक खाच पडलीय, म्हणजे अंडरकट आहे, तर रॉड बाजूला झुकलाय. बहुतेक वेळा मूल टेबलाला चुकीच्या बाजूनं उभं असतं. हातापेक्षा पाय हलवायला सांगा.

आता शेवटचा तिसरा भाग. रन रुंद होत गेलाय, ठिणग्यांचे थेंब वाढलेत, कुठे बारीक छिद्रंही आहेत. नव्या निदेशकाला इथे वाटतं की करंट जास्त आहे. पण करंट जास्त असता तर सुरुवातीपासून रन पसरला असता. इथे फक्त शेवट बिघडलाय, कारण रॉड लहान होत गेला आणि हात खाली उतरला नाही, आर्क लांबली. प्लेट तापल्यानं थोडा रुंदपणा येतोच, पण थेंब आणि छिद्रं लांब आर्ककडे बोट दाखवतात. करंट कमी केलात तर पुढच्या रनची सुरुवात आणखी बिघडेल आणि मूल गोंधळेल.

शेवटाला खड्डा आहे, त्यात चांदणीसारखी बारीक भेग. रॉड एकदम उचलला. शेवटी क्षणभर थांबून, किंचित मागे येऊन खड्डा भरायचा.

एका रनमध्ये चार चुका सापडल्या. मुलाला एकच सांगा. पुढच्या रनसाठी फक्त हात खाली उतरवणं, बाकी काही नाही. दोन-तीन रनमध्ये ते जमलं की दुसरी. चारही एकदम सांगितल्या की मूल हो हो म्हणतं आणि पुढच्या रनमध्ये आधी बरोबर असलेलंही बिघडवतं. आणि ‘हात स्थिर ठेव’, ‘नीट लक्ष दे’ असली वाक्यं सोडून द्या. हात कशानं स्थिर होतो ते सांगा: कोपर टेकव, केबल खांद्यावर घे, दुसऱ्या हातानं मनगटाला आधार दे.

जॉबवर मुलाचा नंबर पंचानं ठोकून घ्या आणि पहिला, दहावा, पन्नासावा असे जॉब जपून ठेवा. मधल्या महिन्यात मूल कंटाळतं तेव्हा ते समोर ठेवा.

मोडून दाखवा

बाहेरून देखणा रन आतून पोकळ असू शकतो हे सांगून कोणाला पटत नाही. टी जोड करा, एकाच बाजूनं फिलेट मारा, उभी प्लेट वेल्डच्या बाजूला हातोड्यानं किंवा प्रेसवर आडवी पाडा, म्हणजे जोडाचं मूळ उघडतं. गॉगल आणि हातमोजे घालूनच. मोडलेल्या पृष्ठभागावर मुळाशी सलग काळी रेघ दिसली तर तिथे स्लॅग अडकलाय किंवा धातू वितळून एक झालेलाच नाही. राखाडी, दाणेदार पृष्ठभाग मुळापर्यंत गेला असेल तर जोड चांगला आहे. बहुतेक मुलांचा सगळ्यात सुंदर दिसणारा जॉबच पहिल्या घावात तुटतो, कारण तो कमी करंटवर, सावकाश, छान वळकट्या पाडत मारलेला असतो. एवढं बघितल्यावर मुलं आपणहून मोडायला जॉब आणतात.

बट जोडासाठी बेंड टेस्ट. वाकवताना एकदा मूळ बाहेरच्या बाजूला येऊ द्या, एकदा वरचा रन. साखर कारखान्याच्या ऑफ सीझनला बॉयलरच्या नळ्या बदलायच्या असतात, तिथे १९५० च्या भारतीय बॉयलर नियमावलीनुसार वेल्डरला चाचणी द्यावी लागते. पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांना हे सांगितलं की बेंड टेस्टचा पट्टा त्यांच्यासाठी पोटापाण्याचा विषय होतो.

साहित्य कधीच पुरत नाही

रॉड आणि प्लेट, दोन्हींची ओढाताण गृहीत धरा. पॅडिंगला प्लेटच्या दोन्ही बाजू वापरा. रॉडचं थोटूक पाच सेंटिमीटरपेक्षा लांब टाकायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडून तुकडे मागायला लाज वाटू देऊ नका, बहुतेक देतात. पण घेताना निवडा. गॅल्व्हनाइज्ड तुकडा सरावाला नको, जस्ताच्या धुरानं संध्याकाळी थंडी-ताप भरतो. रंगवलेला असेल तर घासून घ्या. सॉल्व्हंटनं धुतलेला असेल तर अजिबात नको. क्लोरिनवाल्या सॉल्व्हंटची वाफ आर्कच्या प्रकाशात आली तर विषारी वायू तयार होतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, रॉड सर्दावतात. ७०१८ या प्रकारच्या रॉडचा डबा उघडा राहिला तर रॉड ओव्हनमध्ये साधारण ३०० ते ३५० अंशांवर भाजून घ्यावे लागतात. ६०१३ ला इतकं तापवायचं नसतं, त्याचं आवरणच खराब होतं. डब्यावर कंपनीनं छापलेलं तापमान पाळा.

थिअरी आणि मुलं

थिअरी जॉबशी जोडलेली ठेवा. रॉडच्या नंबरचा अर्थ, गॅसचं रसायन, धातू ओढला का जातो, हे त्या दिवशी शॉपमध्ये जे घडलं त्यावरून शिकवा. एका बाजूनंच वेल्ड करून वाकलेला अँगल वर्गात नेला की फळ्यावरचं निम्मं काम होतं. चेन्नईच्या निमी संस्थेची पुस्तकं मराठीतही मिळतात, ‘भारत स्किल्स’ या सरकारी संकेतस्थळावर अभ्यासक्रम आहे. ते आधाराला घ्या, वाचून दाखवू नका.

आठवीपर्यंत शिकलेला आणि बारावी झालेला, दोघं एकाच बॅचमध्ये बसलेले असतात. हातात पहिला बऱ्याचदा पुढे असतो, हिशेबात दुसरा. केबिनमध्ये त्यांची जोडी लावा. डावखुऱ्या मुलाला उजव्या हातानं धरायला लावू नका, केबिनची आणि अर्थची बाजू बदलून द्या. पाइपवर दोन्ही हातांनी काम करता येणं पुढे उपयोगी पडतं, तेव्हा सराव उजव्यांनाही डाव्या हाताचा द्या. मुली या ट्रेडला कमी येतात. आल्या तर त्यांच्या मापाचे हातमोजे आणि ॲप्रन पहिल्या आठवड्यात मागवा. मोठ्या हातमोज्यात होल्डर फिरतो आणि लोक म्हणतात हिला जमत नाही.

वर्षाच्या शेवटी

परीक्षेच्या दोन महिने आधी अप्रेंटिसशिपची यादी काढा. माझगाव डॉकसारखी गोदी, रेल्वे, एसटी, आसपासच्या खासगी कंपन्या, प्रत्येकाची अर्जाची वेळ वेगळी असते आणि ती मुलांना कळलेली नसते. त्यांच्याकडून नोंदणी शॉपमध्ये बसूनच करून घ्या. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं आहे का ते त्याच वेळी तपासा. स्पेलिंगच्या फरकामुळे अर्ज अडकतात आणि दुरुस्तीला आठवडे जातात.

मुलं कामाला लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी फोन करा. त्यांना विचारा की तिथल्या सुपरवायझरनं पहिल्यांदा कोणती चूक दाखवली. तीन-चार मुलांनी एकच चूक सांगितली, समजा नकाशावरचं वेल्डिंगचं चिन्ह वाचता आलं नाही किंवा ग्राइंडरनं रूट (जोडाचं मूळ) साफ करणं जमलं नाही, तर पुढच्या बॅचच्या नियोजनात त्या धड्याचे तास वाढवा.